भटक्या पंडितांच्या विडंबनकविता वाचायला सुरुवात कशी करावी

पहिले सहा महिने मला या कवितांत हसण्यासारखं काहीच सापडलं नाही. भाषांतर समोर होतं, टिपा होत्या, प्रस्तावनेत विनोदाचं भरभरून कौतुकही होतं. ओळींचा अर्थ कळत होता, पण हसायचं कुठे ते कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी कवितेशेजारी बायबल उघडून ठेवलं, एक ओळ इकडची आणि एक तिकडची अशी वाचत गेले, आणि तिसऱ्या ओळीला मोठ्याने हसले.

चूक साधी होती. मी एकच पुस्तक उघडून बसत होते. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपातल्या ज्या कवींना ‘गोलिआर्ड’ म्हणतात, त्यांच्या लॅटिन कवितांना दोन पुस्तकं लागतात. एक त्यांचं आणि दुसरं ते ज्याची नक्कल करताहेत ते. ज्यांनी या कविता पहिल्यांदा ऐकल्या, त्यांना ते दुसरं पुस्तक तोंडपाठ होतं. आपल्याला नाही. तेवढी उणीव भरून काढली की निम्मं काम झालं. ती कशी भरून काढायची ते मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने सांगते, फक्त मधली वळणं गाळून.

काय काय जवळ हवं

- मराठी बायबल. नव्या करारातली चार शुभवर्तमानं आणि जुन्या करारातली स्तोत्रं सतत लागतात.
- लॅटिन बायबल, म्हणजे ‘व्हल्गेट’. नेटवर फुकट मिळतं. सगळं वाचायचं नाही, फक्त ओळी पडताळायच्या.
- जुन्या लॅटिन मिस्सेची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेची, पुस्तिका. १९६० च्या दशकाआधीची, एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अशी. जुन्या पुस्तकांच्या दुकानात कधीकधी अगदी स्वस्तात मिळते.
- ‘कार्मिना बुराना’ या गोलिआर्ड कवितांच्या प्रसिद्ध संग्रहाची, मूळ लॅटिन आणि भाषांतर समोरासमोर असलेली आवृत्ती. डेव्हिड ट्रेल यांची २०१८ ची दोन खंडांतली आवृत्ती मला सगळ्यांत उपयोगी पडली. नुसतं भाषांतर घेऊ नका.
- लॅटिन कोश. लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश नेटवर आहे आणि पुरतो.
- मधोमध उभी रेघ मारलेली एक जाड वही. डावीकडे मूळ, उजवीकडे विडंबन.

लॅटिन आधी पूर्ण शिकून घ्यावं लागतं का, असं बरेच जण विचारतात. नाही. शाळेत संस्कृतच्या विभक्ती घोकल्या असतील तर अर्धी भीती तिथेच संपते, कारण लॅटिन नामंही तशीच चालतात आणि वाक्यात शब्द कुठेही बसला तरी प्रत्ययावरून नातं कळतं. रोज अर्धा तास दिला तर तीन महिन्यांत कोश हाताशी धरून चार ओळींचं कडवं लावता येतं. तेवढ्यावर सुरुवात करा.

१. आधी ही माणसं कोण ते नीट समजून घ्या

‘भटके पंडित’ म्हटलं की फाटक्या कपड्यातला, खिशात दमडी नसलेला, चर्चविरुद्ध बंड करून रस्त्यावर आलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. मीही हेच चित्र धरून वाचत होते आणि त्याने बराच काळ दिशाभूल केली.

‘क्लेरिकुस’ हा शब्द तेव्हा फार मोठ्या वर्गाला लागू होता. डोक्याच्या मध्यभागी गोल मुंडण केलं, चर्चच्या शाळेत नाव घातलं, की मुलगा क्लेरिकुस. तो पुढे पाद्री होईलच असं नाही. कारकून होईल, बिशपचा सचिव होईल, शिक्षक होईल. पॅरिस, ऑर्लेआँ, बोलोन्या, ऑक्सफर्ड अशा ठिकाणी ही मुलं गुरूंच्या मागे जात. एका गावचं व्याकरण झालं की दुसऱ्या गावी तर्कशास्त्र, तिसऱ्या गावी कायदा. भटकणं होतं ते या कारणाने. शिवाय शिकून बाहेर पडणारे वाढत गेले आणि चर्चच्या उत्पन्नावर चालणाऱ्या नेमणुका तेवढ्या वाढल्या नाहीत. नेमणूक मिळवायची तर ओळख हवी किंवा पैसा. या कवितांमधला राग बहुतेक वेळा इथून येतो.

पण लिहिणारे सगळेच भणंग नव्हते. वॉल्टर ऑफ शातियाँ शिक्षक होता आणि अलेक्झांडरवर त्याने मोठं लॅटिन महाकाव्य लिहिलं. फिलिप हा पॅरिसच्या कॅथीड्रलचा चॅन्सेलर, म्हणजे मोठा अधिकारी, होता. भटक्यांच्या संघाची जी गाणी आहेत, त्यांतला संघही बहुधा कवितेतच होता. म्हणून कवितेतला ‘मी’ आणि कवी एकच, असं धरून चालू नका. नव्या वाचकाचा पाय सगळ्यांत जास्त इथे घसरतो.

‘गोलिआस’ या नावाचंही असंच आहे. कित्येक हस्तलिखितांत या कविता कुणा ‘बिशप गोलिआस’च्या नावावर आहेत. वेल्सचा लेखक जेराल्ड याने तेराव्या शतकात त्याला खराखुरा माणूस समजून त्याच्यावर झोड उठवली. असा बिशप नव्हता. नावात बायबलमधला राक्षसी गोल्याथ ऐकू येतो आणि ‘गुला’, म्हणजे खादाडपणा, हा लॅटिन शब्दही. दोन्ही कानांनी ऐका.

चर्चने त्यांच्याकडे कसं पाहिलं याचे दोन पुरावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. १२२७ साली ट्रिअरच्या धर्मसभेने पाद्र्यांना बजावलं की भटके विद्यार्थी आणि गोलिआर्ड यांना मिस्सेतल्या ‘सांक्तुस’ आणि ‘आग्नुस देई’ या प्रार्थनांवर आपली पद्यं गाऊ देऊ नका. १२३१ साली फ्रान्समधल्या शातो-गोंतिएच्या धर्मसभेने ठरवलं की ‘गोलिआसच्या कुळातल्या’ क्लेरिकांचं डोकं पूर्ण भादरावं, म्हणजे मुंडणाची खूण उरणार नाही. यातली जरब समजायला एक गोष्ट माहीत हवी. मुंडण असेल तर तुमचा खटला चर्चच्या न्यायालयात चालणार. खूण गेली की ते संरक्षणही गेलं.

पहिला ठराव मला फार मोलाचा वाटतो. ही गाणी चर्चच्या आत, प्रार्थनेच्या मध्ये म्हटली जात होती. गाणाऱ्याला मूळ प्रार्थना रोजच्या रोज म्हणावी लागत होती आणि ऐकणाऱ्यालाही.

२. विडंबनाच्या आधी मूळ पाठ करा

पुढच्या पायरीवर उडी मारू नका, अशी विनंती आहे. पंधरा दिवस फक्त मूळ वाचा. मी हे उशिरा केलं.

मिस्सेच्या पुस्तिकेतून ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाठ करा: ‘दोमिनुस वोबिस्कुम’ (प्रभू तुमच्याबरोबर असो) आणि त्याचं उत्तर ‘एत कुम स्पिरितू तुओ’ (आणि तुझ्या आत्म्याबरोबर), ‘पाक्स वोबिस’ (तुम्हांला शांती), ‘ओरेमुस’ (प्रार्थना करू या), शुभवर्तमान वाचायला घेताना म्हणतात ते ‘इनिचिउम सांक्ती एवांजेली’ (पवित्र शुभवर्तमानाचा आरंभ). मग सर्व संतांच्या सणाचं प्रवेशगीत आणि गुड फ्रायडेच्या मोठ्या प्रार्थना एकदा वाचून ठेवा.

बायबलमधून मत्तयचे २२, २५ आणि २६ हे अध्याय, मार्कचा ८ वा, लूकचा १८ वा, योहानचे ६ आणि १३ एवढं तरी मराठीत वाचा. एक सूचना स्तोत्रांबद्दल. व्हल्गेटमध्ये बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक मराठी बायबलपेक्षा एकने मागे असतो, म्हणजे आपलं ६९ वं स्तोत्र तिथे ६८ वं. हे माहीत नसल्यामुळे मी एक संदर्भ आठवडाभर शोधत बसले होते.

ओळखीत कुणी वसईचे किंवा गोव्याचे वयस्कर कॅथलिक असतील तर त्यांच्याकडे जरूर जा. मला वसईचे एक आजोबा भेटले. लहानपणी ते मिस्सेत फादरांना मदत करायचे. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची आणि सगळी उत्तरं त्यांना पाठ होती. अर्थ माहीत नसताना पाठ केलेली ती वाक्यं साठ वर्षांनंतरही त्यांच्या तोंडून न अडखळता आली. त्यांच्याकडून ऐकल्यावर मला कळलं की ही वाक्यं डोळ्यांनी वाचायची नाहीत, ती कानात बसलेली असावी लागतात.

३. स्पेलिंगच्या चकव्यांची यादी भिंतीवर लावा

मध्ययुगीन लॅटिन लिहिणारे ‘आए’ या जोडस्वराच्या जागी सरळ ‘ए’ लिहितात. कोशात ‘आएस्तुआन्स’ आहे आणि कवितेत ‘एस्तुआन्स’. ‘हाएक’चं ‘हेक’ होतं, ‘लाएतिउस’चं ‘लेतिउस’. ‘मिही’ (मला) हा शब्द ‘मिकी’ असा भेटतो, ‘निहिल’ (काही नाही) हा ‘निकिल’ असा. शब्द कोशात सापडला नाही की आधी ‘ए’च्या जागी ‘आए’ घालून पाहा. दहांतले सात शब्द तिथेच सापडतील.

उच्चारावर वेळ घालवू नका. चर्चमध्ये चालतो तो इटालियन वळणाचा उच्चार घ्या आणि पुढे चला.

४. अक्षरं बोटांवर मोजा

इथे मराठी वाचकाचा कान आधीच तयार असतो. व्हर्जिल, ओव्हिड यांचं जुनं लॅटिन पद्य लघु-गुरूंवर चालतं, आपल्या गणवृत्तांसारखं. गोलिआर्डांचं सर्वांत आवडतं कडवं अक्षरसंख्येवर, आघातावर आणि यमकावर चालतं. अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं ज्याने टाळ धरून म्हटली आहेत, त्याला ते लगेच सापडतं. एका ओळीत तेरा अक्षरं, सातवर थांबा, मग सहा. अशा चार ओळी, चौघींचं यमक एक.

या कडव्याचा सगळ्यांत प्रसिद्ध नमुना ‘आर्किपोएता’, म्हणजे ‘महाकवी’, या टोपणनावाच्या कवीचा आहे. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. तो सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाचा मुख्य चॅन्सेलर राइनाल्ड फॉन दासेल याच्या आश्रयाला होता आणि त्याच्या दहा कविता उरल्या आहेत.

मेउम एस्त प्रोपोसितुम / इन ताबेर्ना मोरी,
उत सिंत वीना प्रोक्सिमा / मोरिएन्तिस ओरी.
तुंक कान्ताबुंत लेतिउस / आंजेलोरुम कोरी:
‘सित देउस प्रोपितिउस / हुइक पोतातोरी!’

मी त्याच मापात मराठी करून पाहिलं. तुम्हीही करून पाहा, कविता अंगात शिरते:

गुत्त्यामध्येच माझा / देह हा पडावा,
मरत्या ओठांपाशी / प्याला तो असावा.
देवदूतांचा मेळा / गात गात यावा:
‘देवा, हा दारुडाही / पदरात घ्यावा!’

आता वहीच्या डाव्या बाजूला लूक १८:१३ लिहा. मंदिरात मागे उभा राहून, छाती बडवत जकातदार म्हणतो, ‘देउस, प्रोपितिउस एस्तो मिही पेक्कातोरी’, देवा, मज पाप्यावर दया कर. ‘पेक्कातोरी’चं ‘पोतातोरी’ झालं, पाप्याचा पिणारा झाला. दोन्ही शब्द इतके जवळचे आहेत की कान क्षणभर फसतो. आणि शुभवर्तमानातला तो जकातदार देवाला आवडलेला माणूस आहे, तिथेच प्रार्थना करणारा गर्विष्ठ परूशी, म्हणजे कर्मठ धर्मनिष्ठ, नव्हे. कवी दोन अक्षरांच्या फेराने स्वतःला त्या जकातदाराच्या जागी उभं करतो. नुसतं भाषांतर वाचताना यातलं काहीच हाती लागत नाही.

५. पहिलं वाचन: रुप्याच्या मार्काचं शुभवर्तमान

सुरुवात पद्याने करू नका, गद्याने करा. ‘कार्मिना बुराना’त ४४ व्या क्रमांकावर एक जेमतेम पानभराचा मजकूर आहे. मला विचाराल तर नव्या वाचकासाठी अख्ख्या संग्रहात याहून चांगलं दार नाही.

पहिली ओळच फसवी आहे. ‘पवित्र शुभवर्तमानाचा आरंभ, मार्कप्रमाणे’ अशी गंभीर सुरुवात होते आणि पुढे शब्द येतो ‘रुप्याच्या’. मार्क हे शुभवर्तमानकाराचं नाव आणि मार्क हे चांदीचं वजनही, सुमारे अर्ध्या पौंडाचं. मोठमोठे व्यवहार त्यातच मोजले जात. इथून पुढे जवळजवळ प्रत्येक वाक्य बायबलमधून उचललेलं आहे. वहीत अशा जोड्या लावत जा:

पोप रोमच्या लोकांना सांगतो, आमच्या वैभवाच्या आसनापाशी मनुष्याचा पुत्र आला की आधी विचारा, ‘मित्रा, कशासाठी आलास?’ डावीकडे लिहा मत्तय २६:५०. हे शब्द येशू यहूदाला म्हणतो, तो धरून द्यायला येतो तेव्हा. इथे ते दारात आलेल्या अर्जदारासाठी आहेत.

काही न देता तो ठोठावतच राहिला तर त्याला बाहेरच्या अंधारात टाका. डावीकडे मत्तय २२:१३, लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्याची शिक्षा.

एक गरीब क्लेरिकुस येतो आणि द्वारपालांना विनवतो, ‘तुम्ही तरी माझ्यावर दया करा, दारिद्र्याचा हात मला लागला आहे.’ डावीकडे ईयोब १९:२१. ईयोब म्हणतो, देवाचा हात मला लागला आहे. देवाच्या जागी दारिद्र्य आलं, बाकी वाक्य जसंच्या तसं.

द्वारपाल त्याला म्हणतात, ‘चालता हो सैताना, पैशाच्या गोष्टींकडे तुझं लक्ष नाही.’ डावीकडे मार्क ८:३३. येशू पेत्राला म्हणतो, देवाच्या गोष्टींकडे तुझं लक्ष नाही.

तो गरीब झगा, अंगरखा, होतं नव्हतं ते सगळं विकतो आणि कार्डिनलांना, द्वारपालांना, खोलीवरच्या सेवकांना वाटतो. ते म्हणतात, ‘एवढ्या जणांत हे काय पुरणार?’ डावीकडे योहान ६:९. पाच भाकरी आणि दोन मासे पाहून अंद्रिया हेच म्हणतो. तिथे पुढे पाच हजार लोक जेवतात, इथे त्याला दाराबाहेर काढतात आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडतो. हे रडणं पेत्राचं आहे, मत्तय २६:७५.

इथे थोडं थांबा. विनोद म्हणून वाचायला घेतलेला मजकूर या वाक्यापाशी विनोद राहत नाही. चर्च ज्याच्या नावावर उभं आहे त्या पेत्राचं रडणं कवीने पेत्राच्या वारसाच्या, म्हणजे पोपच्या, दारात उभ्या असलेल्या गरिबाला दिलं आहे. मी हे पहिल्यांदा जुळवलं त्या रात्री पुढे वाचलं नाही.

मग येतो श्रीमंत क्लेरिकुस, माजलेला, लठ्ठ, फुगलेला. हे तिन्ही शब्द जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले, ३२:१५. त्याने दंगलीत खून केलेला आहे, म्हणजे मार्क १५:७ मधला बरब्बा, येशूऐवजी सोडून दिलेला कैदी. तो सगळ्यांना पैसे चारतो. आपल्या माणसांना भरपूर मिळाल्याचं ऐकून पोप मरणोन्मुख आजारी पडतो. श्रीमंत त्याला सोन्याचांदीचं चाटण पाठवतो आणि तो तत्काळ बरा होतो. शेवटी पोप आपल्या लोकांना बोध करतो: मी तुम्हांला उदाहरण घालून दिलं आहे, मी जसं घेतो तसं तुम्हीही घ्या. डावीकडे योहान १३:१५, शिष्यांचे पाय धुतल्यानंतरचे येशूचे शब्द.

सावधगिरी: याला चर्चद्वेष समजू नका. बाराव्या शतकात युरोपभरचे वाद अपिलात रोमला जाऊ लागले, दरबाराचा पसारा वाढला, आणि प्रत्येक दारावर हात ओले करणं आलं. लिहिणारा आतला माणूस आहे. बायबलची वाक्यं त्याला पवित्र आहेत म्हणूनच पोपच्या तोंडी ती इतकी झोंबतात. त्याच विषयावर ४२ व्या कवितेतली एक ओळ पाठ करून ठेवा: ‘रोमा मुन्दी कापुत एस्त, सेद निल कापित मुन्दुम’. रोम जगाचं डोकं आहे, पण स्वच्छ असं काही त्यात मावत नाही. ‘मुन्दुस’ म्हणजे जग आणि ‘मुन्दुस’ म्हणजे स्वच्छसुद्धा.

६. दुसरं वाचन: जुगाऱ्यांची मिस्सा

क्रमांक २१५. हिच्यासाठी मिस्सेची पुस्तिका उघडा, सर्व संतांच्या सणाचं प्रवेशगीत काढा आणि ओळीखाली ओळ लिहा.

मूळ: ‘गौदेआमुस ओम्नेस इन दोमिनो’, चला सगळे प्रभूमध्ये आनंद करू.
विडंबन: ‘लुजेआमुस ओम्नेस इन देचिओ’, चला सगळे देचिउसमध्ये शोक करू.

देचिउस म्हणजे फासा, इथे त्याचाच देव केलेला आहे. मूळात ‘दिएम फेस्तुम’, सणाचा दिवस. इथे ‘दिएम मेस्तुम’, दुःखाचा दिवस. मूळात संतांच्या सोहळ्याने देवदूत आनंदतात आणि देवपुत्राची स्तुती करतात. इथे जुगाऱ्यांच्या नागवेपणाने फासे आनंदतात आणि बाक्कुसच्या, म्हणजे मद्याच्या देवाच्या, पुत्राची स्तुती करतात. ते नागवे आहेत, कारण अंगावरचे कपडेही डावात गेले.

पुढे पाद्री ‘पाक्स वोबिस’ऐवजी म्हणतो ‘फ्राउस वोबिस’, तुम्हांला दगाबाजी लाभो. लोक उत्तर देतात ‘तिबी लेक्कातोरी’, तुलाही रे लंपटा.

वसईच्या आजोबांना मी हे वाचून दाखवायला कचरत होते. श्रद्धाळू माणूस, त्यांना लागेल असं वाटलं. त्यांनी प्रवेशगीताची मूळ चाल गुणगुणली, मग माझ्या वहीतले उजवीकडचे शब्द त्या चालीत बसवून पाहिले. शब्द बसले. ‘फ्राउस वोबिस’ला ते इतके हसले की आतून आजी पाहायला आल्या. मग म्हणाले, “बाय, मूळ ज्याला येतं त्यालाच हे हसू येतं.” याहून चांगलं मार्गदर्शन मला कुठल्या प्रस्तावनेत मिळालं नाही.

७. मग गुत्त्यात जा

१९६ वी कविता ‘इन ताबेर्ना क्वांदो सुमुस’ (आपण गुत्त्यात असतो तेव्हा) बहुतेकांना कार्ल ऑर्फ या संगीतकाराच्या संगीतामुळे माहीत असते. वाचताना पेल्यांची यादी बोटांवर धरा. एक पेला बंदिवानांसाठी, तीन जिवंतांसाठी, चार सगळ्या ख्रिस्ती जनांसाठी, पाच श्रद्धेत निधन पावलेल्यांसाठी. इथपर्यंत प्रार्थनाच वाटते. सहा छचोर बहिणींसाठी, सात रानातल्या शिपायांसाठी, म्हणजे वाटमाऱ्यांसाठी, आणि तिथून घसरगुंडी. पुढे दर्यावर्दी आणि वाटसरूही येतात. आता गुड फ्रायडेच्या प्रार्थना काढा. तुरुंग उघडोत, वाटसरू घरी परतोत, दर्यावर्दींना बंदर मिळो, हे सगळे तिथेच भेटतील. शेवटी निंदकांना शाप आहे की त्यांची नावं नीतिमानांत लिहिली न जावोत. ते ६९ व्या स्तोत्रातलं. मी मघाशी म्हटलं तो क्रमांकाचा घोळ याच ओळीवर झाला होता.

यानंतर आर्किपोएताचं संपूर्ण पापनिवेदन घ्या, क्रमांक १९१. ‘गुत्त्यामध्येच माझा’ हे कडवं त्यातलंच आहे. इटलीतल्या पाविया शहरात, ११६३ च्या आसपास, त्याने आपल्या आश्रयदात्यासमोर हे पापनिवेदन मांडलं. बाई, जुगार आणि गुत्ता अशी तीन कलमं, खऱ्या कन्फेशनच्या क्रमाने. पावियात राहून कुणी पवित्र राहील का, असा त्याचा बचाव. त्याचीच दुसरी एक कविता लगेच जोडून वाचा. आश्रयदाता त्याला सम्राटाच्या पराक्रमावर आठवडाभरात काव्य लिहायला सांगतो आणि तो उत्तर देतो की लुकान किंवा व्हर्जिल या रोमन महाकवींना पाच वर्षांतही जमलं नसतं ते माझ्याकडून सात दिवसांत कसं होईल. नोकरीत हे ज्याने अनुभवलं आहे त्याला वेगळी टीप लागणार नाही.

८. ऑर्लेआँचा ह्यूग, ‘प्रिमास’

हा कवी सगळ्यांत शेवटी ठेवा, कारण त्याचं लॅटिन कठीण आहे आणि मधूनच तो फ्रेंचमध्ये शिरतो. पण ठेवा नक्की. भर हिवाळ्यात एका बिशपने त्याला आत केसाळ अस्तर नसलेला झगा दिला. त्यावर त्याने दोन ओळींत जे केलं ते अर्थ न कळताही मोठ्याने वाचा. यमकं अशी येतात: स्पूमा, स्त्रूमा, ब्रूमा, प्लूमा. बिशपांमधला फेस, क्लेरिकांचा गाळ, घाणेरडी गाठ, ज्याने ऐन थंडीत मला बिनलोकरीचा झगा दिला. दातांवर दात वाजल्यासारखा तो ‘ऊमा’ चार वेळा आपटतो. इथे दुसरं पुस्तक लागत नाही, थंडी वाजलेली असली की पुरे.

९. जिथे लोक अडकतात त्या आणखी काही जागा

संग्रहाचं नाव ऐकलं की कार्ल ऑर्फचं संगीत आठवतं. ते १९३७ साली फ्रँकफर्टला पहिल्यांदा सादर झालं आणि त्यात फक्त चोवीस रचना आहेत. हस्तलिखितात २५४ आहेत. संगीतावरून संग्रहाचा अंदाज बांधला तर पहिला भाग, म्हणजे नीती आणि उपहासाच्या पंचावन्न कविता, जवळजवळ सगळा हातून निसटतो. आपल्याला हवा आहे तोच भाग.

एकोणिसाव्या शतकातली यमकबद्ध इंग्रजी भाषांतरं गोड आहेत, पण दारू आणि वसंत यांनाच पुढे करतात. ती नंतर वाचा.

वॉल्टर ऑफ शातियाँच्या काही कडव्यांत तीन ओळी त्याच्या आणि चौथी एखाद्या प्राचीन रोमन कवीची असते. चौथ्या ओळीचं माप अचानक बदललेलं वाटलं तर तुमचं मोजणं चुकलेलं नाही. ती ओळ उसनी आहे. शोधा, बहुतेक वेळा ओव्हिड, होरेस किंवा युवेनाल निघतो.

आणि एकनाथांच्या भारुडांशी तुलना करायचा मोह होईल. मलाही झाला. भारूड गावातल्या सगळ्यांसाठी, लोकभाषेत आहे. या कविता शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी अशा भाषेत लिहिल्या, जी बाहेरच्या शेतकऱ्याला कळत नव्हती. हा फरक सोडून तुलना केली तर दोघांवरही अन्याय होतो.

१०. शेवटी हस्तलिखित पाहा

‘कार्मिना बुराना’चं हस्तलिखित १८०३ साली बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्नच्या मठात सापडलं. १८४७ साली श्मेलर या भाषापंडिताने ते छापलं आणि नावही त्यानेच दिलं. आज ते म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे, क्लम ४६६० या क्रमांकाने, आणि त्याची पानं ग्रंथालयाने नेटवर पाहायला ठेवली आहेत. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर उघडा. पहिल्याच पानावर भाग्यचक्र आहे. चढणारा म्हणतो ‘मी राज्य करीन’, वर बसलेला ‘मी राज्य करतो’, घसरणारा ‘मी राज्य केलं’ आणि चाकाखाली पडलेला ‘मला राज्य नाही’. पुढे फासे टाकणारे आणि पिणारे यांची चित्रं शोधा.

मग एखादं असं पान काढा, ज्यात शब्दांच्या डोक्यावर हुकासारख्या बारीक खुणा आणि ठिपके दिसतील. त्या स्वरांच्या खुणा आहेत. स्वराची उंची दाखवणाऱ्या आडव्या रेघा नाहीत, त्यामुळे सूर वर गेला की खाली एवढंच कळतं, किती ते नाही. गाणाऱ्याला चाल आधीच पाठ आहे असं धरून त्या काढल्या आहेत. काही गाण्यांच्या चाली दुसऱ्या, रेघा असलेल्या हस्तलिखितांत मिळाल्या आणि तिथून त्या परत जुळवता आल्या. तशा एखाद्या गाण्याचं ध्वनिमुद्रण लावा आणि बोट त्या ठिपक्यांवरून फिरवत ऐका.